बिस्किटांचा सातबारा

मामा मुलांसाठी काहीही करतात. मुलांना मात्र काहीही करू देत नाहीत.

दिवाळीचा किल्ला मुलांसाठी असतो, म्हणून माती मामा चाळतात, बुरूज मामा थापतात, हळीव मामा पेरतात आणि मुलं मावळ्यांची पिशवी हातात धरून ‘आता ठेवू का?’ असं विचारत उन्हात उभी राहतात. संक्रांतीचा पतंग मुलांसाठी असतो, म्हणून मांजा मामांच्या हातात आणि चक्री मुलांच्या. एकदा एका नातवाला शाळेत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ची प्रतिकृती करून आणायला सांगितली होती. मामांनी ती अशी हुबेहूब केली की पाणी आधी खरोखर अडलं आणि मग खरोखर वर्गभर जिरलं. बाईंनी वहीत शेरा लिहिला, ‘आजोबांनी चांगला प्रयत्न केला आहे.’ मामांना त्यातला टोमणा दिसलाच नाही. ‘चांगला’च्या जागी ‘उत्कृष्ट’ का नाही, एवढंच विचारायला ते पालकसभेला गेले.

असा माणूस घरटी एक तरी असतो. मुलांना वेळ देत नाही अशी तक्रार त्याच्याबद्दल करता येत नाही, कारण तो सगळाच वेळ देतो. फक्त हातातलं काम काढून घेतो. त्याच्या मायेत खोट नसते. अडचण एवढीच की त्याला जे काही करायचं ते नीटनेटकं करायचं असतं, आणि नीटनेटकेपणाचं मुलांशी पहिल्यापासून वाकडं आहे.

आमचे मामा या जमातीतले अव्वल, कारण उभी नोकरी त्यांनी भूमी अभिलेख खात्यात काढली. भूकरमापक. गावाकडच्या भाषेत मोजणीदार. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, आणि घाटाखालच्या मलकापूर-जळगाव जामोदपासून घाटावरच्या लोणार-सिंदखेडराजापर्यंत कुठल्याही तालुक्याचं नाव काढलं की मामांना तिथला एखादा बांध आठवतो. नोकरीला लागले तेव्हा हातात शंकुसाखळी होती: तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. पुढे खात्यात ईटीएस यंत्रं आली, रोव्हर आले, उपग्रहाकडून हद्द विचारायचे दिवस आले. मामांनी यंत्राला नमस्कार केला, पण विश्वास टेपवरच ठेवला. तो टेप निवृत्तीनंतरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. नांदुऱ्यात हायवेला लागून १०५ फुटी मारुती उभा आहे. येणारे-जाणारे त्याला हात जोडतात. मामाही जोडतात, आणि मग सोबतच्या माणसाला हळूच सांगतात, “तीन साखळ्या आणि जवळजवळ तीन आणे.”

मामीचं म्हणाल तर ती या मोजमापाला पुरून उरलेली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी थापली तेव्हा मामांनी “गोल आहे, पण केंद्र सरकलंय,” असं म्हटलं होतं म्हणे. त्या दिवसापासून मामांच्या ताटातल्या भाकरीचे दोन तुकडे करूनच वाढले जातात. तुकड्यांना केंद्र नसतं.

मे महिन्यात सगळी भाचरं-नातवंडं नांदुऱ्यात जमतात. पुण्याची महाराष्ट्र एक्स्प्रेसने, चिखली-मेहकरची एस.टी.ने घाट उतरून. घाटावरची मुलं पहिला दिवसभर ‘किती गरम होतंय’ म्हणत फिरतात. घाटाखालची मुलं काही बोलत नाहीत, कूलरच्या समोरची जागा धरून बसतात.

आमच्या लहानपणापासून या सुटीतला मोठा कार्यक्रम म्हणजे भट्टीवरून बिस्किटं करून आणणं. अजूनही लोक आणतात. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, दूध, वेलची असं सामान घरून न्यायचं. बेकरीवाले चाचा ते मळतात, साच्यातून पाडतात, पत्र्यांवर मांडून भट्टीत सारतात आणि किलोवर मजुरी घेतात. सोबत पत्र्याचा रिकामा डबा न्यायचा, तो भरून आणायचा. नंबर लागेपर्यंत पोरांनी भट्टीच्या तोंडाशी घुटमळायचं, पत्रे उचलून द्यायचे आणि फुटकं बिस्किट खायचं, हा शिरस्ता. आम्हाला मामा न्यायचे. फुटकं बिस्किट ते खाऊ देत नसत, कारण नेलेल्या सामानाचा आणि आणलेल्या मालाचा ताळा जमायचा असे. एकदा पत्र्यावरच्या ओळी वाकड्या लागल्या म्हणून त्यांनी टेप बाहेर काढला. चाचा घाम पुसत शांतपणे म्हणाले, “साहेब, असं करा, तुम्ही भट्टीवर बसा. मी जातो मोजणीला.”

यंदा मात्र थोरलीने पुण्याहून उतरल्याउतरल्या जाहीर केलं की भट्टीवरची नानकटाई नको. जिंजरब्रेड कुकी हव्यात, माणसाच्या आकाराच्या. त्या घरी करायच्या. आणि (इथे तिने मामांकडे रोखून पाहिलं) मुलांनीच करायच्या.

“अलबत!” मामा म्हणाले. “मी फक्त बाजूला उभा राहीन.”

मामीने ते ऐकलं मात्र, ओट्यावरची काडेपेटी उचलून कमरेला खोचली.

मामांच्या खात्यात मूळ मालक कोण, हे कळल्याशिवाय फाइल हलत नाही. त्यामुळे आधी चौकशी. थोरलीने मोबाइल धरला, मामांनी वही. सुंठ मलबारची; अरब व्यापाऱ्यांच्या हातून ती युरोपात गेली. तिकडच्या लोकांनी ती मधात आणि पिठात घातली. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराने त्या बिस्किटांवर नाव कमावलं. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात पाहुण्यांच्या चेहऱ्यामोहऱ्याची बिस्किटं करून त्यांच्याच पुढ्यात ठेवत, असं सांगतात. १८१२ साली ग्रिम बंधूंनी हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट छापली. तिच्यातलं खायचं घर लोकांना इतकं आवडलं की नाताळात अशा बिस्किटांची घरं बांधायची टूम निघाली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहीत नोंद केली: ‘भोगवटादार : युरोप. इतर हक्क : मलबार.’

पण ते खरे खूश झाले ते पुढच्या माहितीने. ‘न्यूर्नबर्गर लेबकुखन’ या नावाला १९९६ पासून युरोपात भौगोलिक मानांकन आहे, आणि न्यूर्नबर्ग शहराच्या हद्दीत भाजलेल्या बिस्किटांनाच ते लावता येतं. हद्दीबाहेर भट्टी टाकली की तोच मसाला, तोच मध, तोच कारागीर, पण नाव गेलं.

“याला म्हणतात देश!” मामा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सामानाची यादी झाली. तिकडे या बिस्किटांत उसाच्या मळीसारखा काळा पाक पडतो. त्याच्या जागी आपला गूळ. पाव किलो मैद्याला त्याच्या निम्मा गूळ, त्याहून थोडं कमी लोणी, सुंठीचे दोन लहान चमचे, एक दालचिनीचा, दोन-चार लवंगांची पूड, किसलेलं जायफळ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. गुळाच्या अंगात जरासा आंबटपणा असतो. सोड्याची त्याच्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि बिस्किट हलकं होतं. हे मामांनी मुलांना नीट समजावून सांगितलं. समजावता समजावता गूळ त्यांनीच चिरला, पाण्यात त्यांनीच विरघळवला, गाळून त्यांनीच घेतला. मुलं समजून घेत उभी होती.

“काय करून राह्यले जी?” मामी म्हणाली. “पोट्ट्याइले हात त लावू द्या! त्याइचीच बिस्किटं हायेत ना?”

“लावू देतोच आहे. धुऊन आले की लगेच.”

मुलं हात धुऊन आली. मामा म्हणाले, पुसून या. मुलं पुसून आली. मामा म्हणाले, टॉवेलचे धागे लागलेत, पुन्हा धुवा. तिसऱ्यांदा मुलं आली तेव्हा पिठाचा गोळा तयार होता आणि मामा हात धूत होते.

हे पीठ थंड करावं लागतं. लोणी घट्ट असेल तरच लाटलेल्या माणसाचे हातपाय कापताना शाबूत राहतात. न्यूर्नबर्गला डिसेंबरात हे सोपं असणार. नांदुऱ्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकलेला असतो आणि लोणी चमच्यातून भांड्यात पडेपर्यंत तूप व्हायच्या विचारात असतं. म्हणून गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलं. त्यासाठी मामीचं पन्ह्याचं पातेलं, मुलांची कुल्फी आणि पाहुण्यांसाठी राखलेलं श्रीखंड ही सगळी अतिक्रमणं त्याच संध्याकाळी हटवण्यात आली. श्रीखंडाचं पुनर्वसन मुलांनी केलं.

सकाळी पाहतात तर गोळ्याचा एक कोपरा गायब. नांदुऱ्याहून भेंडवळ फार लांब नाही. तिथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात: अठरा धान्यं गोलाकार ठेवायची, मधे खड्डा, त्यात मातीची ढेकळं, वर पाण्याची घागर, पुरी, पापड, विडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय जागेवर आहे आणि काय हललंय, हे पाहून पावसाचं, पिकाचं आणि देशाचं भाकीत सांगतात. पुरी म्हणजे पृथ्वी, विडा म्हणजे राजा. आमच्या भागातली पोरं या भाकितावर वाढलेली असतात. मधल्याने ओठ चाटत फ्रिजमध्ये डोकावून पाहिलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, “पृथ्वीवर संकट आहे. राजा कायम राहील.”

राजा टेप घेऊन येतच होता.

पोळपाट लहान म्हणून मामांनी ओटाच घेतला. दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून मधे लाटणं फिरवलं, म्हणजे पीठ सगळीकडे सारखं. मग त्याचे गट पाडले. लगतच्या कब्जेदारांना नोटीस दिल्याशिवाय मोजणी करता येत नाही, म्हणून मुलांना रांगेत उभं करून तोंडी नोटीस झाली. हद्दीच्या खुणा म्हणून लवंगा रोवल्या. थोरलीला एक गट, मधल्याला एक, मेहकरच्या जुळ्यांना सामाईक, आणि शेंडेफळाला मधल्याच्या गटातला पोटहिस्सा. प्रत्येकाची चतुःसीमा वाचून दाखवण्यात आली. शेंडेफळाची अशी: पूर्वेस मधला, पश्चिमेस मिक्सर, दक्षिणेस भिंत, उत्तरेस मामीआजी.

हसू येतं खरं. पण मामांनी आयुष्यभर काय पाहिलं, तेही एकदा लक्षात घ्यायला हवं. एका नांगराच्या तासासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले त्यांनी पाहिले. आईच्या तेराव्याला एकत्र न जेवलेली घरं पाहिली. मोजणी झाली, खुणा कायम झाल्या, नकाशाची ‘क’ प्रत हातात पडली, तरी दोन्ही बाजूंनी ‘मोजणीदार फितूर’ म्हणून ऐकून घेतलं. अशा माणसाला पाच मुलांमध्ये पिठाचा एक गोळा दिसला की तो खाऊ दिसत नाही, पुढची पन्नास वर्षं दिसतात. एकाही पोराला उद्या ‘मला कमी मिळालं’ असं म्हणायला जागा राहू नये, एवढीच त्यांची तळमळ असते. त्या तळमळीत पोराला काहीच मिळत नाही, ते वेगळं.

“आजोबा, केव्हा होणार?” शेंडेफळाने विचारलं.

“अर्ज कुठला केलायस त्यावर आहे. साधी मोजणी, तातडीची, अतितातडीची की अतिअतितातडीची?”

डिसेंबर २०२४ पासून खात्याने या चारांचे दोनच प्रकार ठेवले, नियमित आणि द्रुतगती. मामांना हे मान्य नाही. माणसाची निकड इतक्या कमी खणांत मावत नाही, असं त्यांचं मत. शेंडेफळाला नवा नियमही ठाऊक नव्हता आणि जुनाही. त्याने खिशातली गोटी काढून फी भरली आणि अतिअतितातडीवर बोट ठेवलं.

साचा मामांनी रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, कडा घासून, आदल्या रात्रीच तयार ठेवला होता. त्यातून निघालेले सगळे सुंठमानव एकाच उंचीचे, दोन्ही हात बाजूला, पाय जुळवलेले. पोलीस भरतीला आल्यासारखे. मुलांच्या डोक्यात वेगळं होतं. मधल्याला गदा घेतलेला मारुती करायचा होता, पण “देवाले भाजता का रे?” म्हणून मामीने तो नकाशा फेटाळला. जुळ्यांना एस.टी. करायची होती, खिडक्यांची संख्या मामांना पटेना. थोरलीला करायचं होतं लोणार: गोल बिस्किट, मधे अंगठ्याने दाबून खळगा, आणि खळग्यात बिटाच्या रसाने रंगवलेला साखरेचा पाक, कारण जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. पाण्याचा खारटपणा वाढून त्यात रंगीत सूक्ष्मजीव माजले, म्हणून तो रंग आला, हे तिने मामांना सांगितलंही.

मामांना कल्पना फार आवडली, म्हणजे तिचं वाटोळं होणार हे ठरलं. “विवराचा व्यास साधारण अठराशे मीटर,” ते म्हणाले. “एकास चार हजारने काढायचं तर पंचेचाळीस सेंटिमीटरचं बिस्किट लागेल. कढईत मावणार नाही. म्हणजे प्रमाण बदलावं लागेल. प्रमाण बदललं की खोलीही त्याच प्रमाणात. पाच मिलिमीटर जाडीत ती बसवायची कशी, याचा मी विचार करतो.”

विचार जेवणापर्यंत चालला.

घरात ओव्हन नाही. मोठ्या कढईत वाळूचा थर, त्यावर जाळी, जाळीवर थाळी, वरून घट्ट झाकण, ही युक्ती आता सगळ्यांना माहीत आहे. बऱ्याच घरांत वाळूऐवजी मीठ घालतात. मामांना वाळूच हवी होती. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून तांब्याभर आणता आली असती. पण पूर्णेच्या वाळूला रॉयल्टी लागते, आणि मामांनी तांब्याभर वाळूसाठी शेजाऱ्याला पावती मागितली. शेजारी आधी हसला, मग गप्प झाला, मग आत गेला तो बाहेर आलाच नाही. शेवटी मामीने खडेमीठ ओतलं.

पहिल्या खेपेची कथा थोडक्यात सांगतो. झाकण ठेवलं की आतली धग कोंडायला हवी. मामा बिस्किट किती फुगलं ते पाहायला मिनिटामिनिटाला झाकण उचलत होते, त्यामुळे धग कोंडेना. धग कोंडेना म्हणून बिस्किट भाजेना, आणि ते भाजलं का पाहायला पुन्हा झाकण. माणसाचे हातपाय बारीक, पोट रुंद. त्यामुळे पाय काळे पडायला लागले तरी पोट मऊच. आता, असं बिस्किट गरम असताना मऊच असतं. बाहेर काढून गार झालं की आपोआप कडक होतं. चाचा हे सगळ्यांना सांगतात. मामांनी भट्टीवर इतकी वर्षं काढली, पण चाचांचं ऐकण्याऐवजी ओळी मोजल्या. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, “कच्चं आहे,” असा शेरा मारला आणि सगळी तुकडी पुन्हा कढईत घातली.

गार झाल्यावर त्या सुंठमानवांचे हद्दीचे दगड झाले. बांधावर रोवले असते तर दोन पिढ्यांत कुणी हलवू शकलं नसतं. मामीने एकाला दात लावायचा प्रयत्न केला आणि पैसेवारी जाहीर केली: पन्नासच्या खूप आत. दुष्काळाच्या सवलती म्हणून मुलांना आइस्क्रीमसाठी पैसे मिळाले. मामा काही बोलले नाहीत. जेवले आणि कूलरच्या वाऱ्यात तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले.

घरात वर्तमानपत्र एका लयीत वर-खाली होऊ लागलं तेव्हा मामीने कमरेची काडेपेटी काढली आणि थोरलीच्या हातात दिली.

पुढचा तास-दीड तास त्या स्वयंपाकघरात जे चाललं, त्याला कुठलाही कायदा लागू नव्हता. उरलेलं पीठ ओट्यावर आलं. लवंगांच्या खुणा उपटून कुणीतरी बैलाला शिंगं केली. सामाईक गटावर एस.टी. उभी राहिली, तिला पाचच खिडक्या, पण ड्रायव्हरला मिशा. बैलाचा एक पाय वाटेत पडला, तो शेंडेफळाने खाल्ला आणि “तीन पायांचा असतो एक,” असं सांगितलं. थोरलीने लोणार केलं. विचार न करता केल्यामुळे झटकन झालं. मैदा जमिनीवर, मैदा केसांत, मैदा कूलरच्या पाण्यात. मामी पाटावर बसून फक्त एवढंच म्हणत होती, “झाकनाले हात नोको लावू. मऊ असंन तरी काढा. गार होऊ द्या, मंग बोला.”

मग घरभर सुंठ-गुळाचा वास पसरला. वर्तमानपत्र थांबलं.

मामा दारात आले तेव्हा सगळी मुलं ओट्याला पाठ लावून, एकमेकांना चिकटून उभी होती, अतिक्रमणवाले आले की टपऱ्या उभ्या राहतात तशी नव्हे, तर आता आम्हाला इथून कुणी काढून दाखवाच, अशा आविर्भावात. मामांनी चष्मा लावला. खिशातून टेप काढला. लोणारवर लावला.

“सहा सेंटिमीटर,” ते म्हणाले. “म्हणजे एकास तीस हजार. प्रमाण खाली लिहायचं राहिलंय. उत्तर दिशा दाखवलेली नाही.” त्यांनी खळग्यातल्या गुलाबी पाकाला बोट लावून चाखलं. “पाणी गोड आहे. लोणारचं खारं असतं.” पण बोट पुन्हा एकदा खळग्यात गेलं.

एस.टी. पाहिली, बैल पाहिला. त्रुटींची यादी लांबत चालली होती, आणि तेवढ्यात थाळीच्या कडेला त्यांना एक सुंठमानव दिसला. मान थोडी वाकडी, पोट पुढे, डोळ्यांवर दालचिनीच्या काड्यांचा चष्मा, डोक्यावर टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात लवंगेची गोल डोकी खोचून केलेली टेपची गुंडाळी. साच्यातून हे कधी निघालं नसतं. मामा वाकून बराच वेळ पाहत राहिले. स्वतःची मोजणी करायची त्यांना उभ्या नोकरीत पाळी आली नव्हती.

“कुणी केलं?”

“सगळ्यांनी,” थोरली म्हणाली. “सामाईक आहे.”

मामांनी टेप लावला. उंची पाहिली, रुंदी पाहिली. पोटापाशी टेप घाईने उचलला. मग घसा खाकरून निकाल दिला, “नाक हद्दीच्या बाहेर गेलंय. अतिक्रमण आहे. काढावं लागेल.”

आणि त्यांनी ते नाक तोडून तोंडात टाकलं. चावताना त्यांचा चेहरा पाहून मुलांना कळलं की बिस्किट बरोबर झालंय. मामांनाही ते कळलं असावं, कारण ‘सुंठ थोडी जास्त’ असं काहीतरी ते म्हणणार होते, ते म्हणाले नाहीत.

“आता उरलेल्याचं वाटप,” ते म्हणाले. “पाच हिस्से. सरस-निरस मानाने करू. टोपीकडचा भाग भाजणीला चांगला, पायाकडचा जरा कमी. म्हणजे पायवाल्याला थोडं क्षेत्र वाढवून द्यावं लागेल. सगळे नीट उभे राहा, मी खुणा करतो.”

ते टेप उलगडत होते तोवर मुलांनी मामा संपवले होते. कुणाला टोपी गेली, कुणाला पोट, कुणाला पाय, याची कुठेही नोंद नाही. एकाही पोराने हरकत घेतली नाही. फक्त शेंडेफळाने तोंड भरलेलं असतानाच, हातातली दुसरी गोटी पुढे करून अर्ज केला:

“अजून एक मामा पाहिजे. अतिअतितातडीचा.”